हरित वसाहतीतलं चैत्राचं पान

देवकाबाईंनी एकदा नेम धरला होता, की चैत्रात भरदुपारी दारी आलेल्याला जेवू घातल्याशिवाय पाठवायचं नाही. त्या दुपारी दारी आले हरित वसाहत बांधणारे खानविलकर साहेब. मातीच्या भिंतीवर लाल खडूनं फुली मारून म्हणाले, "हे खोपट उद्या पाडू. तुम्हाला आमचं काचेचं, पर्यावरणाला पूरक घर मिळेल."

सासूबाईंनी हातानं लिंपलेल्या घराला खोपट म्हटलेलं बाईंच्या जिव्हारी लागलं. पण आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "बरं साहेब. मग आजचं पान पलीकडं बांधलेल्या तुमच्या नमुन्याच्या घरातच वाढते."

तिथं पश्चिमेला सगळी काच, खिडक्या न उघडणाऱ्या, आणि वीज गेलेली. दुसऱ्या पोळीलाच साहेबांचा सदरा अंगाला चिकटला.

"बाई, हे पान तुमच्या ओसरीवर नेलं तर चालेल का?"

"आज चालेल, साहेब. उद्या कुठं नेणार? ओसरी तर तुम्ही पाडलेली असेल."

साहेब गार ओसरीवर जेवले आणि जाताना रुमालानं फुली पुसून गेले.

तर बायांनो, तुमच्या घराला कुणी नावं ठेवली तर भांडू नका. त्याला भरदुपारी त्याच्याच घरात जेवू घाला.