खडकावरचा रानओवा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावाला आपल्या रानओव्याचा फार अभिमान होता. अभिमान असावाच. कड्यावरच्या खडकांच्या भेगांत उगवणारं ते बुटकं झुडूप नुसत्या वासाने चोंदलेलं नाक मोकळं करी. पोट दुखलं की त्याचा काढा, खोकला झाला की त्याची वाफ, खरचटलं की त्याच्याच पाण्याने जखम धुवायची. आसपासच्या गावांतले लोक औषधाला इथे येत. गावकरी त्यांना पाणी विचारायच्या आधी ओव्याचं कौतुक ऐकवत.

गावच्या वैद्यीणबाई तर सगळ्यांहून अभिमानी. त्यांना वाटलं, एवढा गुणी ओवा आणि खडकात त्याचे असे हाल? त्यांनी रोपं अंगणात आणली, शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. वाफा असा माजला की येणारा-जाणारा थबकून बघे. कड्यावर जाणं बाईंनी सोडूनच दिलं.

त्या थंडीत लोहाराच्या लेकीला खोकल्याने धरलं. तिला घास गिळवेना, दोन शब्द बोलली तरी धाप लागे. बाईंनी वाफ्यातल्या पाल्याचा काढा दिला, वाफ दिली. गुण येईना.

लोहारीण रडवेली होऊन अंगणात आली. "बाई, पोरीच्या भावाला मागच्या थंडीत तुमच्याच ओव्याने बरं वाटलं होतं. मग तिचंच काय चुकलं?"

बाईंनी वाफ्यातलं एक पान चुरगळून हुंगलं. वास नुसत्या गवताचा. अंगणात निम्मं गाव जमलं होतं. 'खोकलाच हट्टी आहे' असं त्या म्हणाल्या असत्या, तर कुणी शंका घेतली नसती. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती.

"पोरीचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. मी याचे लाड केले नि याचा गुण घालवला. तिला उबेत ठेव, मी कड्यावर जाऊन येते."

त्या वयात कडा चढणं सोपं नव्हतं. बाई गुडघे सोलून घेऊन परतल्या, पण ओटीत ओव्याचे कोवळे शेंडे होते, मुळाला धक्का न लावता खुडलेले. उकळत्या पाण्यात ते पडले आणि लोहाराचं सगळं घर घमघमलं. पोरीची धाप हळूहळू ओसरली. आठवडा सरायच्या आत ती बापाच्या भात्याशी खेळू लागली.

बाईंनी वाफा उपटून शेळ्यांना घातला. कुणी विचारलं, तर त्या मान ताठ करून कड्याकडे बोट दाखवत. "आमचा ओवा तिथे राहतो. चढायची तयारी असेल तर चला."

गावकरी अजूनही पाहुण्यांना पाणी विचारायच्या आधी कौतुक ऐकवतात. पण आता आधी बाईंचं, मग ओव्याचं.

तात्पर्य एवढंच: ज्याला आपल्या विद्येचा खरा अभिमान असतो, त्याला 'चुकलं माझं' म्हणताना कमीपणा वाटत नाही.