धडधाकटांचा वॉर्ड

एक होतं जंगल. जंगलात सरकारी दवाखाना होता आणि दवाखान्यात एक वॉर्ड. खाटा मोडक्या, चादरींना आधीच्या सगळ्या आजारांचा वास. मलमपट्टी करणारं माकड एकाची जखम पुसून त्याच बोळ्याने दुसऱ्याची पुसायचं. सरकारी मालाची काटकसर म्हणून त्याचा सत्कारही झाला होता. भुरी शेळीचं करडू तिथेच होतं. काटा मोडून पाय सुजलेला, अंगात ताप, सलाईन चालू.

आरोग्यमंत्री अस्वलसाहेब पाहणीला येणार असा निरोप आला. वॉर्डप्रमुख तरसबाईंनी रीतीप्रमाणे तयारी केली. भिंतींना चुना मारला, आजाऱ्यांना मागच्या वडाखाली हलवलं आणि खाटांवर गुबगुबीत ससे आणून झोपवले.

"बाई, सलाईन तरी राहू द्या," भुरी म्हणाली.

"फांदीला अडकव की. तिथे हवाही चांगली असते."

साहेब आले. कुणीच कण्हत नाही हे ऐकून खूश झाले. भुरी आडवी आली. "साहेब, माझं करडू बाहेर पडलंय."

"बाहेर म्हणजे बरं होऊन गेलं. अभिनंदन, ताई."

टाळ्या पडल्या. साहेबांनी वॉर्ड आदर्श ठरवला आणि फर्मान काढलं: दर्जा घसरू नये म्हणून यापुढे फक्त धडधाकटांनाच दाखल करावं.

वडाखाली करडू कुडकुडू लागलं. भुरीने त्याला चाटून चकचकीत केलं आणि कानात सांगितलं, "दारात उडी मार, राजा. एकच."

करडाने तीन पायांवर उडी मारली. तरसबाईंनी खाट दिली.

बगळी सिस्टरने माकडाला लांब पिटाळलं आणि चोच धुऊन सुई लावली. "कुणी विचारलं तर बाटलीत सरबत आहे म्हणून सांगते मी. फक्त कण्हू देऊ नकोस गं त्याला. लगेच बाहेर काढतील."

दुसऱ्याच दिवशी निवडणूक जाहीर झाली. साहेब ढोलताशे घेऊन परत आले आणि थेट भुरीसमोर थांबले.

"बोला ताई, काही तक्रार? मोकळेपणाने बोला. राज्य तुमचंच आहे."

भुरीने करडाच्या तोंडावर आपली मान टेकवली. बाटली अर्धी बाकी होती. ताप नुकता उतरू लागला होता.

"नाही साहेब. सगळं उत्तम आहे."

संध्याकाळपर्यंत झाडाझाडांवर भुरीचा फोटो लागला, शेजारी दुप्पट मोठा साहेबांचा, खाली ठळक अक्षरांत 'जनता समाधानी आहे'. साहेब बिनविरोध निवडून आले.