समुद्राकडे पाठ करून बसलेली ठकूबाय

आपल्या दांडेवेळच्या खाडीत शिडाची गलबतं येत होती, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते मला विचारू नका. माझ्या पणजीला ती तिच्या पणजीने सांगितली होती, एवढंच मला ठाऊक.

खाडीचं तोंड तुम्ही पाहिलंय ना? दोन्ही बाजूंना खडक आणि मधे जेमतेम एक गलबत शिरेल एवढी वाट. वारा उलटा असला की शिडं काय कामाची? म्हणून टेकाडावर एक उभा खांब रोवला होता, कवेत न मावणारा. तो जागच्या जागी फिरायचा आणि त्याला आडवे दांडे होते. दोराचं एक टोक होडीने गलबतापर्यंत न्यायचं, इकडे खांबाला वेढे द्यायचे, आणि गावाने दांडे ढकलत गोल फिरायचं. खांब फिरला की दोर येतो आणि दोराबरोबर गलबत येतं.

आता यात एक मेख आहे. वेढ्यांतून बाहेर येणारं दोराचं मोकळं टोक कोणीतरी ताणून धरावं लागतं. त्याला आपल्याकडे शेपूट म्हणतात. ते धरलं की वेढे खांबाला घट्ट बसतात आणि अख्खं गलबत एका माणसाच्या मुठीत राहतं. सोडलं की वेढे घसरतात, आणि गलबत गेलंच म्हणून समजा. धरायला ताकद मात्र फारशी लागत नाही. म्हणून गाव ते काम म्हाताऱ्याकोताऱ्यांना देई, आणि वर त्यांची थट्टाही करी.

ठकूबाय शेपटाशी बसायची. काथ्याचे दोर वळून पोट भरणारी विधवा, अंगाने अगदी काडी पैलवान. बसताना समुद्राकडे पाठ, नजर वेढ्यांवर. मागे वळून बघायचं नाही, कारण बघताना मूठ सैल पडते. पण तिला दोरातून समुद्र कळायचा, असं म्हणतात. लाट उठली की ती ठकूच्या तळहाताला आधी कळे, टेकाडावरच्यांना मग दिसे.

एका वैशाखात मलबारातून तांदूळ घेऊन एक गलबत परत आलं. त्यावर ठकूचा एकुलता एक मुलगा होता, भिवा. वारा फिरलेला, आणि समुद्र असा उधाणलेला की भर दुपारी पलीकडचा किनारा दिसेना. दोर कसाबसा पोचला. खांबावर हुकूम द्यायचा तो सगुण तांडेल. त्याने ठकूला सांगून पाहिलं की आज दुसरं कोणी बसेल, तू पोराकडे बघ. तिने काही ऐकलं नाही. गाव दांड्यांना भिडलं.

गलबत खडकांच्या तोंडाशी आलं आणि थबकलं. माणसं दांड्यांना छाती लावून उभी, पण खांब तसूभर हलेना. मग सगळे ठकूवर उखडले. बसून काय राहिलीस, ऊठ, खांदा लाव, पोर मरतंय तुझं. तू आई आहेस की कोण, असंही कोणीतरी बोलून गेलं. मी असतो तर उठलो असतो बाबांनो, खोटं कशाला सांगू? ठकू उठली नाही.

तेवढ्यात तिच्या मुठीत दोर बारीक कुरकुरला. माडाएवढी लाट गलबताला खेचून बाहेर न्यायला निघाली होती. ती अजून कोणाला दिसलीही नव्हती. दोर असाच ताठ राहिला तर तुटणार, आणि तुटला तर भिवा खडकावर.

"दांडे धरून ऱ्हवा," ठकू म्हणाली. "मी दोर सोडतंय."

सगुणाच्या हुकमाची तिने वाट पाहिली नाही. ठकूने मूठ सैल केली आणि दोर खांबावरून सणसणत धावला. लाकडातून धूर निघाला. बायकांनी धावत जाऊन त्यावर कळशा ओतल्या. गलबत मागे मागे जायला लागलं, तशी त्यावरच्या माणसांनी हंबरडा फोडला. ते तिला ऐकू येत होतं. तरी ती वेढ्यांकडे बघत, दोराने तळहात भाजत असताना, लाट दमेपर्यंत सोडत राहिली. मग तिने मूठ आवळली. धावता दोर जागीच थांबला. त्या वेळी सगळा समुद्रही तिच्या मुठीत थांबला होता, असं म्हणतात.

"आता फिरवा," ती म्हणाली.

मागून आलेल्या लाटेने गलबत उचललं, गाव दांड्यांवर तुटून पडलं, आणि गलबत खडकांच्या मधून सरळ आत आलं.

भिवा उडी टाकून टेकाडावर धावत आला आणि आईजवळ बसला. तिने मान वळवली नाही. गलबत बांधलंस का, एवढंच विचारलं. त्याने बांधलं नव्हतं.

"आधी बांधून ये. तवसर माझो हात सुटूचो नाय."

तो गेला, बांधून आला. तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांदेखत मोठ्याने रडली. तिच्या तळहातावरच्या रेषा त्या दिवशी पुसून गेल्या, असं म्हणतात. पुढे एक जोशीबुवा तिचा हात बघायला बसला आणि नुसता नमस्कार करून उठला.

आता टेकाडावर खांबाच्या जागी इंजिनावर चालणारा रहाट आहे. तरी शेपूट धरायला माणूस लागतोच, आणि दांडेवेळात ते काम आता वाटेल त्याला देत नाहीत. ज्याचं माणूस होडीत असतं त्यालाच बसवतात, समुद्राकडे पाठ करून. मागे काय चाललंय ते कोणी त्याला सांगत नाही. होडी बांधून झाली की होडीतलं त्याचंच माणूस वर चढून येतं आणि त्याच्यासमोर उभं राहतं. बसलेला बाप असो, भाऊ असो, नवरा असो, त्या घडीला त्याला एकाच नावाने हाक मारायची.

"ठकूबाय, बांधलंय. सोड आता."