सोजरमायची चूल

फार वर्षं झाली. बोरवाडीच्या ख्रिस्ती वस्तीत तेव्हा चर्चवर गवताचं छप्पर होतं, आणि रविवारी सगळ्या घरांची चूल एकच असायची. उपासना संपली की घरटी एक मूठ धान्य हंड्यात पडायचं आणि सोजरमाय ते रांधायची. तिला नवरा उरला नव्हता, मूलबाळ नव्हतं. पण तिला माय म्हणत नव्हतं असं माणूस वस्तीत नव्हतं. तिच्या फुंकरीनं ओलं लाकूडही पेट घ्यायचं, असं म्हणतात.

मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा पुढारी, होता नाथान. एकदा बोललेला शब्द त्यानं कधी मागं घेतला नाही. एका साली असा दुष्काळ पडला की गावाच्या विहिरी तळाला गेल्या. पाणी राहिलं ते फक्त चर्चच्या आडाला. ज्या गावानं आपल्याला पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नाही, त्याला थेंब द्यायचा नाही, असं नाथाननं बजावलं. तरी लेवीनं पाटलाच्या बाळंतिणीसाठी कळशी भरून दिली. लेवी पोरका, ह्याच हंड्यावर वाढलेला. नाथान भर उपासनेत उठला आणि म्हणाला, "आजपासून लेवीची मूठ हंड्यात पडायची नाही."

बाकीच्या घरांनी आपापली मूठ हंड्यात टाकली.

पुढच्या रविवारी चूल पेटेना. सोजरमायनं फुंकर घातली, नुसता धूर झाला. म्हातारीनं सरपण भिजवलं, अशी कुजबूज झाली. नाथाननं काटकी मोडून पाहिली. ती हाडासारखी कोरडी होती. त्यानं आपल्या घरचा निखारा आणला, तो चुलीत ठेवताच विझला. मग वस्तीत एकाही घरी विस्तव टिकेना. धान्य होतं, पाणी होतं, आणि पोरं उपाशी होती.

नाथानची नात सकाळपासून रडत होती. उन्हं कलली तशी ती रडायची थांबली. दुष्काळात मूल रडायचं थांबलं की घरातली माणसं घाबरतात. नाथान सोजरमायपुढं येऊन उभा राहिला. चूल का पेटत नाही, असं त्यानं दरडावून विचारलं.

"मूठ कमी आहे," ती म्हणाली.

"मग जा, घेऊन ये."

"मी रांधणारी. ज्यानं काढली त्यानं आणावी."

शब्द फिरवला तर उद्या कोण ऐकेल, हे नाथानच्या मनात होतं. पण खांद्यावर नातीची मान लोंबत होती. तो तिला तशीच घेऊन लेवीच्या दारात गेला.

"वाट चुकलात काय, नाथानबा?" लेवी म्हणाला.

"मूठ मागायला आलोय."

"टाकलेल्या माणसाची चालंल?"

"तिच्यावाचून पेटत नाही."

लेवीच्या बायकोनं गाडगं उपडं केलं. मूठभर हुलगे निघाले, तेवढेच होते. लेवी म्हणाला, मूठ न्या, मी यायचा नाही. तेव्हा नाथान, जो कुणाच्या दारी कधी टेकला नव्हता, उंबऱ्याबाहेर धुळीत बसला.

"मग मीही इथंच," तो म्हणाला. "चुकलं माझं, लेवी."

लेवीनं त्याच्या खांद्यावरची पोर उचलली आणि पुढं चालू लागला.

ते अंगणात पोचले. हुलगे हंड्यात पडले, आणि सोजरमायनं वाकायच्या आधीच सरपण भडकलं, असं म्हणतात. त्या दिवशी वस्ती जेवली, नाथानची नात जेवली, कुंपणापलीकडं उभं असलेलं गावही जेवलं, तरी हंडा रिता झाला नाही. पटेल त्यानं मानावं.

आजही बोरवाडीत सुगीचं प्रीतिभोजन असलं की आधी विचारतात, कुणाशी अबोला आहे का? असला तर मंडळीच्या वडिलानं स्वतः त्या दारी जायचं आणि मूठ मागायची. ती येईपर्यंत काडी ओढायची नाही. सोजरमायची चूल आहे ती.

गेल्या साली दोन भाऊ हटून बसले. चूल दिवस मावळताना पेटली. माणसं उपाशी बसून राहिली, पण उठून घरी कोणी गेलं नाही.