तान्याची खेप

आजोबांच्या आजोबांनीही नुसतं ऐकलेलं, एवढ्या जुन्या काळी कोंडेवाडीच्या खाडीवर हिराजी आणि तान्या हे दोघे भाऊ होडी चालवायचे. आईबाप नव्हते. हिराजी वल्हं मारायचा, धाकटा तान्या पुढं बसून बडबडायचा. एका वादळात हिराजी बुडाला.

दहाव्याला काठावर पिंड ठेवला. कावळा आला, त्यानं चोच खाली नेली, आणि तान्यानं त्याला दगड मारला. मग दिवसभर एकही कावळा फिरकला नाही.

"मेल्या, काय केलंस हे!" शेजारची काशीमावशी ओरडली. "आता तो जाणार कसा?"

"कशाला जायला पाहिजे? घर आहे त्याचं इथं."

असं म्हणतात, त्याच संध्याकाळी हिराजी परत आला. अंग नव्हतं, नुसती सावली. उंबऱ्याशी बसली. तान्या इतका हरखला, की त्यानं दोन ताटं वाढली, दिवसभराचं सगळं सांगून टाकलं. सावली जेवली नाही, बोलली नाही. खाडीपलीकडे तोंड करून बसून राहिली.

रोज तसंच. दिवसा ती होडीत बसायची. होडीत तान्या एकटा दिसायचा, पण होडी एवढी दबायची, की पाणी पार तिच्या काठाशी यायचं. माणसं घाबरली, लांबच्या वाटेनं जाऊ लागली. इकडे सावली चुलीच्या धुरासारखी विरत चालली.

मावशी एकदा म्हणाली, "ठेवलंस खरं त्याला. पण तो आहे का रे इथं?"

तान्या तसाच उठला. सावलीला घेऊन त्यानं होडी लोटली. असं म्हणतात, त्या दिवशी खाडी समुद्राएवढी रुंद झाली. तीन भरत्या आल्या, तीन ओहोट्या गेल्या. दोनदा त्यानं होडी माघारी वळवली, दोन्ही वेळा सावली आणखी पुसट झाली. शेवटी होडी पलीकडच्या वाळूला लागली. पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "जा दादा. माझं मी बघतो."

होडी एकदम वीतभर वर आली. वाळूवर पाऊलसुद्धा उमटलं नाही.

पुढं कुणाच्या पिंडाला कावळा शिवला नाही, की लोक तान्याकडे यायचे. तो वल्हं त्यांच्याच हातात द्यायचा. "मी नेलं तर तो उतरणार नाही," म्हणायचा.

आता खाडीवर पूल आहे. तरी कोंडेवाडीत माणूस गेलं, की त्याच्या सगळ्यात जवळचा एकटाच होडी पलीकडे नेतो आणि रिकामी आणतो. त्याला कितीही उशीर झाला, तरी काठावरून कुणी हाक मारत नाही.