काचेआडचा एकच गळा

एकदा एक नियम होता, आणि त्याला 'का' असे विचारायला बंदी होती: काचेच्या आत एका वेळी एकच गळा.

नियम एका वृद्ध गुरूंचा. त्यांनी दोन मित्रांसह तालुक्याच्या गावी कॅसेटची एक छोटी कंपनी काढली होती, पेरणीच्या अवजारावरून 'पाभर' नाव दिलेली. आरंभी त्यांच्याजवळ ध्वनिमुद्रणाची खोलीच नव्हती. टेपरेकॉर्डर बैलगाडीत ठेवून तिघे थेट शेतात जात आणि बायकांची भलरी, म्हणजे कापणीची गाणी, टिपून घेत. आणि काय त्या कॅसेट गाजल्या! चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, जिथे जावे तिथे 'पाभर'! मग प्रतिष्ठा आली. प्रतिष्ठेबरोबर ध्वनिमुद्रणाची खोली आली, तिला काच आली, भिंतींना गाद्या आल्या, नियम आला. आवाज निर्मळ झाला आणि दुकानदार न खपलेल्या कॅसेटची खोकी परत पाठवू लागले.

"लोकांची अभिरुचीच खालावली," गुरू म्हणत.

अखेर कंपनी मिटवायचे ठरले. निरोपाचे एक शेवटचे गाणे करावे म्हणून पहिल्या कॅसेटवरच्या तान्हुबाईंना बोलावले. त्या चार सोबतिणींना घेऊन आल्या. नियमाप्रमाणे चौघी बाहेर पायरीवर बसल्या आणि तान्हुबाई एकट्या काचेआड. यंत्रावर गुरूंची तरुण शिष्या होती.

ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला.

"पाखरू बसलं कणसावर, कोण गं हाकलील?"

एवढे गाऊन तान्हुबाई थांबल्या. पुन्हा तीच ओळ गायल्या, पुन्हा थांबल्या.

"विसरली," एक मित्र कुजबुजले.

"वय झालं," दुसरे म्हणाले.

"मधली शांतता कापून टाक," गुरूंनी शिष्येला आज्ञा केली.

शिष्या उठली. तिने काचेचे दार उघडले, मग पायरीवरचेही सताड उघडले.

"अगं, बाहेरचा गलका आत येईल!"

"यावा म्हणूनच उघडलंय, गुरुजी! आजी विसरलेल्या नाहीत, त्या वाट बघताहेत. भलरीत एकीनं विचारायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना मला? मग उत्तर देणाऱ्यांना तुम्ही पायरीवर का बसवलंत? आणि वर म्हणता, लोक ऐकत नाहीत. ज्याला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही, त्यानं किती दिवस नुसतं ऐकायचं?"

"दार लाव. नियम आहे."

"लाव बाई पोरी," तान्हुबाई आतून हसल्या, "म्हातारा रुसंल."

"रुसू दे, आजी. मी दार लावणार नाही."

गुरूंनी मित्रांकडे पाहिले. मित्रांनी जमिनीकडे. तेवढ्यात तान्हुबाईंनी ओळ टाकली, "कोण गं हाकलील?"

"मी गं हाकलीन!" पायरीवरून चार गळे एकदम उसळले.

तिघा वृद्धांपैकी कोणीही दार लावायला उठले नाही. लाल दिवा चालूच होता.