बिनशेंदराचा दगड

उंबरदऱ्याच्या पेठेत शिरताना रस्त्यात आडव्या ओळीने रोवलेले दगड तुम्ही पाहिलेच असतील. कमरेइतके उंच. माणूस सहज आत जाईल, बैलगाडी मात्र शिरणार नाही, एवढीच मधे जागा. कडेच्या दगडांना शेंदूर आहे, मधला उघडाबोडका. त्याच्यावर खुशाल बसा, शेळी बांधा, ओले धोतर वाळत घाला, कोणी काही म्हणणार नाही. हात जोडलेत तर मात्र समोरच्या दुकानातली म्हातारी उठून येईल आणि तुमचे हात खाली करील. पाहुण्यांना हे विचित्र वाटते. ऐकून घ्या, मग वाटणार नाही.

पूर्वी म्हणे इथे दगडबिगड काही नव्हते. घाटाचा उतार सरळ पेठेच्या तोंडाशी येतो. गाड्यांनी डावीकडे वळून गाडीतळावर जायचे. पण गुळाने लादलेली गाडी उतारावर बैलांना आवरेनाशी झाली की ती कसली वळते! तशीच पेठेत घुसायची, दुकानांच्या फळ्या मोडत, माणसे तुडवीत. तोंडाशीच सटवाजी कुंभार मडकी मांडून बसायचा. एका बाजाराला अशी गाडी आली आणि मडक्यांबरोबर सटवाजीही गेला.

त्याची बायको भिवरा. पदरात एकुलती लेक, ठमी, पायाने अधू. पेठेत बसल्याशिवाय पोट भरायचे नाही, आणि बसावे तर लेकीला उठून पळता यायचे नाही. भिवराने पाटलापुढे पदर पसरला. गावालाही वाईट वाटलेच होते. पाथरवट बोलावले, दगड रोवले. वर्षातून एकदा भैरोबाचा रथ पेठेतून जातो, म्हणून मधला दगड काढता-घालता येईल असा बसवला. थोड्याच दिवसांत एक गाडी सुसाट आली ती त्या मधल्या दगडावर आदळली. जू मोडले, गुळाच्या ढेपा रस्ताभर घरंगळल्या, पण ठमीला खरचटलेसुद्धा नाही.

भिवराला भरून आले. तिने त्या दगडाला हळदकुंकू लावले. एवढेच तिने केले. दुसऱ्या दिवशी कोणी फूल वाहिले, कोणी नारळ फोडला, आणि बघता बघता गुरवाने सगळ्याच दगडांना शेंदूर थापला.

मग यात्रा आली. मधला दगड काढला, रथ वाजतगाजत गेला. दगड परत बसवायला माणसे वाकली, तोच गुरवाने हात आडवा केला.

"आता त्यो देव झालाय. उपाटल्याला देव कौलाबिगार बसवायचा न्हाई."

कौल लावला. भैरोबाच्या अंगावर चिकटवलेली कळी उजवीकडची पडली तर होकार. पडली डावीकडची. पुन्हा लावला, पुन्हा डावीकडचीच. सगळे हात जोडून घरी गेले. वाईट कोणाच्याच मनात नव्हते, हीच तर पंचाईत. भिवराने भांडायचे कोणाशी?

तिने एकटीने दगड हलवून पाहिला. तो तसूभरही सरकला नाही. पाटील म्हणाला, "देवापुढं माझं काय चालतंय, भिवरा?" तिने गुरवाचे पाय धरले.

"अवं, कुकू मीच लावलं. मीच पुसते. मग तरी त्यो दगुड व्हईल का न्हाई?"

गुरवाच्याही डोळ्यांत पाणी आले, असे सांगतात. "लावाय येतं, बाई," तो म्हणाला, "पुसाय येत न्हाई."

बाजाराचा दिवस उजाडला. घरात दाणा नव्हता. भिवराने ठमीला मडक्यांपाशी अगदी भिंतीला टेकवून बसवले आणि स्वतः त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. येणारे-जाणारे तिला हसले, काहींनी हळहळ केली. दुपारी उतारावरून आरडाओरडा ऐकू आला. गाडी सुटली होती. भिवरा हलली नाही. दोन्ही हात पसरून, डोळे मिटून ती उभी राहिली. पण मुकी जनावरे, समोर माणूस दिसल्यावर त्यांनी तिला बगल दिली आणि गाडी त्याच मोकळ्या जागेतून आत घुसून भिंतीच्या अंगाला गेली.

भिवराला चाक घासूनसुद्धा गेले नाही. ठमी मात्र राहिली नाही.

त्या संध्याकाळी कौल कोणी लावला नाही. माणसांनी मुकाट्याने दगड उचलला आणि बसवला. गुरवाने आपल्या उपरण्याने त्याचा शेंदूर पुसून काढला. पण भिवराचा आता कोणावर भरवसा राहिला नव्हता. ती उठली आणि त्या दगडावर जाऊन बसली, पाय खाली सोडून, एखाद्या ओट्यावर बसावे तशी. मरेपर्यंत ती रोज तिथेच बसून मडकी विकत होती म्हणे. तिच्या अंगाखालच्या दगडाला फूल वाहायची कोणाची छाती झाली नाही. लेक मात्र त्याने काही परत आली नाही.

आजही यात्रेला मधला दगड निघतो. रथ त्या ओळीतून आत आला की तिथेच थांबतो, वाजंत्री बंद होतात. दगड परत रोवला जातो. मग गर्दीतली कोणी एक बाई, मानाची वगैरे नव्हे, जी जवळ असेल ती, पुढे होते आणि त्याच्यावर बसते. ती नीट बसली, हे सगळ्यांनी पाहिले, की मगच देवाचा रथ हलतो.